मान खंय इसारलंस?

दहावीचा शेवटचा पेपर देऊन घरी आले, दप्तर कोपऱ्यात टाकलं, भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि मे महिन्याच्या पानामागे समासात चार गोष्टी लिहिल्या. तळीत पोहणे. बांगडे साफ करणे. एसटीने एकटीने कोल्हापूरला मावशीकडे जाणे. मेकअप.

ह्या यादीमागचं कारण जरा लाजिरवाणं आहे. मी वर्गात पहिल्या तिघांतली. वाडीत, देवळात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे 'हुशार चेडू' म्हणून ओळख. पण खरं म्हणजे जे पहिल्या झटक्यात जमेल तेवढंच मी करत आले. पेटीच्या क्लासला तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी शेजारी बसणाऱ्या सात वर्षांच्या मुलाने माझ्याआधी अलंकार वाजवून दाखवले आणि त्या दिवसापासून क्लासच्या वेळेला माझं पोट दुखायला लागलं. चित्रकलेची एलिमेंटरी दिली नाही, 'सी' ग्रेड आली तर काय घ्या! कबड्डीला पाय दुखतो. सोळा वर्षांत मी कुठल्याच गोष्टीत धड नापास झाले नव्हते, आणि घरचे ह्याला गुण समजत होते.

पहिल्या तीन गोष्टी पटकन उरकते. पोहायला चुलतभावाने शिकवलं, कमरेला रिकामा डबा बांधून. पाच दिवस पाणी प्याले, सहाव्या दिवशी तरंगले. बांगड्याचे कल्ले ओढून पोट साफ करायला दोन सकाळी पुरल्या, पायाशी मांजर होतंच. कोल्हापूरला फोंडा घाटातून अर्ध्या तिकिटात गेले आणि आले. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून आईची 'एकटी कशी जाशील' ही तक्रारही निम्मीच उरली आहे.

चौथी गोष्ट मात्र अजून चालू आहे.

निकाल लागल्यावर मामाने पाचशे रुपये दिले होते, त्यात माझ्याकडचे थोडे घातले आणि बाजारात एका दुकानातून फाउंडेशन, काजळाची पेन्सिल आणि एक लिपस्टिक घेतली. दुकानातल्या ताईंनी माझ्या हाताच्या पाठीवर दोन ठिपके काढले आणि त्यातला पांढरट हातात ठेवला. "हा घे, उजळ दिसशील." मला कसं दिसायचंय हे त्यांनी विचारलं नाही, आणि मलाही ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी मान हलवली. आज विचाराल तर सांगेन: हाताची पाठ बघायचीच नाही. जबड्याच्या कडेला एक रेघ ओढायची, दुकानाच्या ट्यूबलाइटखालून बाहेर उन्हात यायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. कारण काही फाउंडेशनं चेहऱ्यावरचं तेल आणि हवा लागली की थोड्या वेळाने गडद पडतात. जी रेघ शोधूनही सापडत नाही, तो आपला रंग. हे कळायला माझे तीनशे रुपये गेले.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी माजघरातल्या आरशासमोर बसले. मोबाइलवर एक मुलगी गोल दिव्यासमोर बसून 'अगदी थोडंसं घ्यायचं' म्हणत होती. तिचं थोडंसं आणि माझं थोडंसं ह्यांत बरंच अंतर निघालं. शिवाय तिच्या खोलीत एसी असणार. आमच्याकडे मे महिन्यात कोकणातली दुपार असते. कपाळावर लावून हनुवटीपर्यंत येईतो कपाळावरचं वाहायला लागलं होतं. काजळाची रेघ एका डोळ्याला जाड झाली म्हणून दुसऱ्याची वाढवली, मग ती जास्त झाली म्हणून पहिलीची. असं करत करत दोन्ही रेघा कानाच्या दिशेने निघाल्या.

तोंड धुवायला मागच्या दाराने विहिरीवर जात होते आणि पडवीत आजो सुपारी कातरत बसला होता. (आजोबांना आम्ही आजो म्हणतो आणि एकेरीतच हाक मारतो, आमच्याकडे असंच असतं.) त्याने अडकित्ता खाली ठेवला.

"शिमगो तर कधीच झालो गो!"

मी रडायच्या बेतात. तेवढ्यात त्याने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि अगदी वेगळ्या, कामाच्या आवाजात विचारलं, "मान खंय इसारलंस?"

मानेला काही लावायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. गळ्यापर्यंत पांढरं आणि खाली मी.

इथे आजोबद्दल सांगायला हवं. तरुणपणी अकरा वर्षं तो दशावतारात स्त्रीपार्टी होता. बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्या सिंधुदुर्गात दशावतारी नाटकात परंपरेने सगळी पात्रं पुरुषच करतात, द्रौपदी असो की तारामती. आधी आडदशावतार होतो, गणपती येतो, काळा संकासुर येऊन धमाल करतो, आणि मग आख्यान. लिहिलेली संवादाची वही नसते, बोलणं जागच्या जागी सुचवायचं. आणि चेहरा रंगवायला वेगळा माणूस नसतो, ज्याचं तोंड त्यानेच रंगवायचं. आजो पुढे एसटीत कंडक्टर झाला आणि ते सगळं सुटलं. घरात एक फोटो आहे, नऊवारी, नथ, भुवया धनुष्यासारख्या. लहानपणी मी 'ही कोण?' म्हणून विचारलं तेव्हा सगळे हसले होते. ते हसणं लक्षात राहिलं, पण फोटोतल्या त्या भुवया कोणीतरी हाताने काढल्या असतील हे डोक्यात आलंच नाही.

"तोंड धुवन ये," आजो म्हणाला. "आणि आरसो भायर हाड."

आरसा बाहेर, उजेडात. हा पहिला धडा. ज्या उजेडात लोक बघणार, त्याच उजेडात रंगायला बसायचं. (आजो मेकअपला मेकअप म्हणत नाही, 'रंगूक बसणे' म्हणतो.) त्यांच्या काळात देवळाच्या आवारात गॅसबत्त्या असत, मागच्या रांगेतल्या म्हातारीला बाईचे डोळे दिसले पाहिजेत म्हणून सगळं ठळक काढावं लागे. तुला माणसं हातभर अंतरावरून बघणार, म्हणाला, मग एवढा रंग कोणाला दाखवतेस?

मग त्याने माझ्या चेहऱ्याची डावी बाजू स्वतः करून दाखवली. ही दहा मिनिटं मला अजून जशीच्या तशी आठवतात. आजो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. चहाची बशी धरली की हात कापतो, अर्धा चहा लुंगीवर. त्याने तळहातावर वाटाण्याएवढं फाउंडेशन घेतलं, त्यात खोबरेल तेलाचा अर्धा थेंब मिसळला, अंगठ्याने चोळून कोमट केलं आणि माझ्या गालावर पाच ठिपके दिले. पुसलं नाही, फासलं नाही, ओल्या फडक्याच्या टोकाने नुसतं थापटत गेला, नाकाकडून कानाकडे. कानाजवळ आल्यावर हात हलका होत होत कुठे संपला ते कळलंच नाही. "रंग थापूचो नाय," तो म्हणाला, "जिरवूचो." मग जबड्याखाली, मग मान, मग कानाची पाळी. कान सोडला तर बाजूने बघणाऱ्याला दोन माणसं दिसतात, म्हणे.

डोळ्याला आल्यावर त्याने केरसुणीतला एक हीर तोडला, टोकाला कापसाचा धागा गुंडाळला, ते टोक काजळावर फिरवलं. मला खाली, स्वतःच्या पायांकडे बघायला सांगितलं. डोळे घट्ट मिटले की पापणीला सुरकुती पडते आणि रेघ तुटते. आणि मग त्याने कोपर गुडघ्यावर टेकवलं. त्याबरोबर हात कापायचा थांबला. एक श्वास, एक रेघ. हात हवेत असेल तर रेघही हवेतच जाणार, हे मला त्या मुलीच्या गोल दिव्याने शिकवलं नव्हतं.

उजवी बाजू मी केली. आरशात एका बाजूला फोटोतली बाई आणि दुसऱ्या बाजूला मार खाऊन आलेली मुलगी. आजो पोट धरून हसला. मग म्हणाला, पहिल्या वर्षी त्याची सीता बघून पुढच्या रांगेतलं पोर रडत उठून गेलं होतं. नाटक मात्र पहाटेपर्यंत चालू ठेवावं लागलं, दहीकाला होईपर्यंत, त्याच तोंडाने. "खंय जातलंस? रंगपटात लपान बसतलंस?"

(रंगपट म्हणजे पात्रं रंगायला बसतात ती जागा.) हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पेटीचा क्लास मी सोडला होता, पण चेहरा कुठे सोडून जाणार!

जुन्या रंगांची नावं त्याने मला त्याच दिवशी सांगितली. सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुर्दाडशिंग. खोबरेल तेलात कालवून लावायचे, पहाटे खोबरेल तेलानेच काढायचे. अकरावी सायन्सला गेल्यावर एक दिवस रसायनशास्त्राच्या तासाला मला ही नावं आठवली आणि मी बसून शोधली. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड. आजोच्या तोंडाची सालं का निघायची ते कळलं, आणि तो अठ्ठ्याहत्तरपर्यंत कसा पोचला ह्याचं जरा नवल वाटलं. पिवडीचा पिवळा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, माझ्या फाउंडेशनच्या बाटलीवरही 'आयर्न ऑक्साइड' लिहिलेलंच आहे. आणि त्याच्या सफेद्यातलं झिंक ऑक्साइड माझ्या सनस्क्रीनमध्ये आहे.

त्या झिंकने मला मेच्या शेवटी चुलतबहिणीच्या हळदीला हात दाखवला. तोवर माझी रेघ बरी यायला लागली होती आणि मी हुशारीत होते. सनस्क्रीन दोन थर, त्यावर फाउंडेशन, घाम येऊ नये म्हणून वर भरपूर पावडर. आरशात झकास. फोटोग्राफरने फ्लॅश मारला. फोटोत सगळे हळदीने पिवळे आणि मधोमध मी, पांढरीफटक, जशी आत्ताच पिठाच्या गिरणीतून आले. झिंक आणि तसली बारीक पावडर फ्लॅशचा उजेड सरळ परत फेकतात. तो फोटो आता अल्बममध्ये आहे, छापील. काही करता येत नाही. आजीने तो बघून 'आजोवर गेली' एवढंच म्हटलं.

मग जूनमध्ये रांजणवाडी. अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत मैत्रिणीने पर्समधून काजळ काढलं, स्वतःला लावलं, मला दिलं, मी पुढचीला दिलं. तिसऱ्या दिवशी माझा डावा डोळा सुजून चिंचोक्याएवढा राहिला. डॉक्टरांनी कोमट पाण्याच्या फडक्याने शेकायला सांगितलं, थेंब दिले आणि विचारलं, "दुसऱ्याचा दातांचा ब्रश वापरतेस का?" काजळ-मस्कारा कोणाचा घ्यायचा नाही, कोणाला द्यायचा नाही आणि पापणीच्या केसांच्या आतल्या कडेला लावायचं नाही, कारण तिथे बारीक ग्रंथींची तोंडं असतात. आणि ती पेन्सिल आज घरी जाऊन फेकून द्यायची. दिली. तेव्हापासून मी डब्या उलट्या करून वाचते. पाठीवर उघड्या झाकणाच्या बरणीचं बारीक चित्र असतं, त्यात '१२ एम' नाहीतर '६ एम' असं लिहिलेलं. उघडल्यापासून तेवढे महिने. आईचा लग्नातला कॉम्पॅक्ट कपाटात अजून आहे. त्यावर ते चित्र नाही, पण वास आहे. टाकू देत नाही.

आईचं सांगायचं तर तिला अजून पटलेलं नाही. पहिल्या दिवशी "अभ्यासातसून ह्याच बाकी रवलेला" म्हणाली, पहिल्या घटक चाचणीत गणिताला कमी पडले तेव्हा माझ्या लिपस्टिककडे बघितलं आणि काही बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं. मी गणितात पडले ते त्रिकोणमितीमुळे, पण हे कोणाला सिद्ध करून दाखवणार!

आणि मग तो प्रश्न, 'कोणासाठी?' काकूने विचारला, बसमधल्या ओळखीच्या बाईने विचारला, वर्गातल्या मुलांनी वेगळ्या सुरात विचारला. मी पाच दिवस तळीचं पाणी प्याले तेव्हा हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. बांगडे कोणासाठी साफ करतेस, असंही कुणी विचारलं नाही, खरं तर ते घरातल्या नऊ माणसांसाठी होते. मेकअप मात्र कोणासाठी तरीच असायला हवा. सुरुवातीला मी चिडून 'स्वतःसाठी' म्हणायचे. पण तेही पाठ केलेलं उत्तर आहे, मोबाइलवरची प्रत्येक मुलगी तेच म्हणते. पूर्ण खरंही नाही. कोणी छान म्हटलं की मला आवडतंच. पण सकाळी साडेसहाला कोपर टेकवून बसते तेव्हा डोक्यात कोणी नसतं, फक्त आजची रेघ कालच्यापेक्षा सरळ येते का एवढंच असतं. ह्याचं एका शब्दात उत्तर नाही, म्हणून आता 'आजोसाठी' म्हणते. लोक गप्प होतात.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. ऑगस्टमध्ये एक दिवस उशीर झाला म्हणून तशीच कॉलेजला गेले, तर दोघींनी विचारलं, "बरं नाही का तुला?" मी तर सोळा वर्षं अशीच दिसत होते! त्या दिवशी घरी येऊन आरशात बघितलं तर मलाही क्षणभर मी आजारी वाटले. हे भीतीदायक होतं. तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस काहीच लावत नाही. नियम वगैरे नाही, फक्त लोकांना आणि मला दोन्ही चेहऱ्यांची सवय राहावी. आजोला हे सांगितलं तर त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. पहाटे द्रौपदी खोबरेल तेलाने पुसून तो सकाळी गुरं सोडायला जायचा.

जत्रा सुरू झाल्यावर मी आजोच्या मागे लागले की मला रंगपटात घेऊन चल. आधी नको म्हणाला, मग स्वतःच इस्त्रीचा सदरा घालून तयार. देवळाच्या मागच्या ओवरीत पेटाऱ्यासमोर उदबत्ती लावलेली, दोरीवर शालू टांगलेले, आणि प्रत्येकजण आपापल्या लोखंडी ट्रंकेवर छोटा आरसा उभा करून मांडी घालून बसलेला. आता तयार रंगाच्या कांड्या असतात, एलईडीचा दिवा असतो. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आजोला बघून दोन वयस्क कलाकार उठले, पाया पडले. आजोने मला 'माझी नात, रंगता' अशी ओळख करून दिली. मला कुठे तोंड लपवू असं झालं, आणि बरंही वाटलं.

त्या रात्रीची द्रौपदी पंचविशीतला एक मुलगा होता, दिवसा गॅरेजमध्ये काम करणारा, नखांत काळं ऑइल तसंच. चेहरा, मान, कान सगळं झालेलं. डोळ्यावर आला आणि त्याचं आयलाइनर सुकलेलं निघालं. झटकलं, तळव्यात धरून गरम केलं, काही नाही. त्याने वर बघितलं, सरळ माझ्या डोळ्यांकडे.

"तुझ्याकडे आसा?"

होतं. पर्समध्ये, आठच दिवसांपूर्वी घेतलेलं. त्याने हात पुढे केला होता आणि माझ्या डोळ्यांसमोर डॉक्टर, दातांचा ब्रश आणि चिंचोक्याएवढा डोळा. नाही म्हणायची सोय नव्हती, बाहेर पायपेटीचे सूर लागत होते. मी काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "तुमच्याकडेच ठेवा."

त्याने ते कपाळाला लावलं, टोपण काढलं, आणि कोपर गुडघ्यावर टेकवलं. मी आणि आजो दोघांनी एकाच वेळी त्या कोपराकडे बघितलं.

बाहेर आल्यावर आजो थोडा वेळ गप्प चालला. मग म्हणाला, "कितक्याक गो ता?"

"दोनशे पंचवीस."

तो थांबला. देवळाच्या दिव्यांकडे बघत त्याने तंबाखू मळली.

"आमचो हीर फुकट हुतो."